पिंडापाशी पेटवलेली बिडी

बसस्टँडवर शेजारी कुणी बिडी पेटवली की मला आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, दहावा आठवतो. मेहरूण तलावाच्या काठी ऊन चढलं होतं, पिंडावरचा भात वाळत चालला होता आणि समोरच्या बाभळीवरचे कावळे काही केल्या खाली उतरत नव्हते. छातीच्या दुखण्यानंतर आबांनी बिडी सोडली ती कायमची. तलफ आली की आई हातातलं काम टाकून त्यांच्याजवळ जाऊन बसायची, बडीशेपेची डबी पुढे करायची आणि त्यांच्यासोबत स्वतःही चघळत राहायची. आबांची बिडी खरं तर दोघांनी मिळून सोडली होती. पण पारोळ्याहून आलेले काका म्हणाले, “त्याना जीव बिडीमा अटकेल शे,” आणि कुणी अडवायच्या आत त्यांनी खिशातली बिडी पेटवून पिंडापाशी ठेवलीसुद्धा. “त्यांनी सोडली होती हो भाऊजी,” आई मागून म्हणाली. कुणी वळूनही पाहिलं नाही. थोड्या वेळाने एक कावळा उतरला, भाताला चोच मारून उडून गेला. बिडीकडे तो फिरकलाही नाही. ती आपली आपण जळून विझली. तरी सगळ्यांनी हात जोडले आणि ‘बिडीच पाहिजे होती’ म्हणत समाधानाने जेवायला गेले. अजूनही भाऊबंदांत आबांचं नाव निघालं की हीच गोष्ट रंगवून सांगतात. आमच्याच घरी बसून सांगतात, आईसमोर, तिच्या हातचा चहा पीत.