पानात टाकायची परीक्षा

जेवणासाठी लांब जाणारी माणसं पुष्कळ असतात, पण जेवण अर्धं टाकून देण्यासाठी तासन् तास गाडीत बसणारा माणूस अख्ख्या अमेरिकेत एकच आहे, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. माझ्या बायकोच्या आत्याचे ते चुलतदीर. म्हणजे माझे कोण, हे मला अजून सुटलेलं नाही. गणितात मी तसाही कधी पास झालेलो नाही. मी आपला त्यांना काका म्हणतो. मूळचे सांगलीचे, तरुणपणी शिकायला इकडे आले, इंजिनिअर झाले, आणि मी भेटलो तेव्हा रिटायर होऊन प्लेनो नावाच्या गावात एका भल्यामोठ्या घरात काकूंबरोबर राहत होते. मी तिथे पोचलो तो बायकोच्या व्हिसावर. ती सॉफ्टवेअरमध्ये, मी दहावीत. म्हणजे अडकलो तो तिथेच. मला काम करायची परवानगी नव्हती. ही अमेरिकन सरकारची दूरदृष्टी.

मंडळाच्या गणपतीत कुणी विचारायचं, "आपण कुठे असता?" मी सांगायचो, "घरी." "नाही, म्हणजे काम?" "तेही घरीच." मग तो माणूस प्रसादाच्या रांगेकडे बघायला लागायचा. काकांनी मात्र वेगळंच विचारलं. "ड्राइव्ह करतोस?" म्हटलं, करतो. "मटण-मासे?" म्हटलं, मिळाले तर. "शनिवारी मोकळा असतोस?" म्हटलं, "काका, मी सोमवारीसुद्धा मोकळा असतो." झालं सिलेक्शन. बायकोला नोकरीसाठी इंटरव्ह्यूवर इंटरव्ह्यू द्यावे लागले होते, मला प्रसादाचा शिरा खाता खाता काम मिळालं. संध्याकाळी तिला सांगितलं तर म्हणाली, "अरे वा. काय काम आहे?" म्हटलं, "जेवायचं." ती म्हणाली, "मग तू क्वालिफाइड आहेस."

काम असं, की अस्सल आशियाई हॉटेल शोधायचं. चिनी, थाय, व्हिएतनामी, कोरियन, कुठलंही चालेल, पण अस्सल. आता अस्सल म्हणजे काय, यावर काकांचं एक शास्त्र होतं. दारात बाई गोड हसली, की ते हॉटेल निम्मं नापास. "आपल्याकडे हॉटेलात शिरल्यावर कुणी हसतं का रे? 'काय पाहिजे' असं बघतात." आत टीव्हीवर त्यांच्या भाषेतली मालिका चालू असेल, आणि आपण आल्यामुळे त्यांचा चांगला सीन चुकला असेल, तर चार मार्क जास्त. भिंतीवर ड्रॅगन असेल तर दोन मार्क कमी, किराणा दुकानाचं जुनं कॅलेंडर असेल तर दोन जास्त. पण हे सगळं तोंडी परीक्षेसारखं. खरा पेपर शेवटी असायचा. पानात टाकायचं, आणि बघायचं कुणाला वाईट वाटतं का.

याची गोष्ट काका दर शनिवारी हायवेला लागल्यावर सांगायचे. ते नवीन आले तेव्हा बर्फातल्या कुठल्याशा गावात शिकत होते. पूर्ण शाकाहारी, आणि स्वयंपाकाच्या नावानं पाणी उकळता यायचं. एके दिवशी भुकेनं एका चिनी हॉटेलात शिरले. भात-भाजी मागितली, भाजीत अंडं निघालं, म्हणून तसंच ठेवून उठायला लागले. तेवढ्यात आतून एक म्हातारी झारा घेऊन बाहेर आली आणि चिनी भाषेत फाडफाड बोलायला लागली. "आणि मला सगळं कळलं रे," काका म्हणायचे, "एकही शब्द येत नव्हता, तरी सगळं कळलं. आमची आई हेच बोलायची, याच आवाजात." म्हातारीनं ताट आत नेलं आणि अंडं काढून नुसती भाजी परतून आणली. काकांचं खाऊन संपेपर्यंत समोर उभी राहिली. त्या दिवसापासून काकांची व्याख्या पक्की झाली. आशिया म्हणजे जिथं तुम्ही पानात टाकलं तर शिजवणाऱ्याला लागतं, तो भाग. बाकी नकाशे खोटे. आणि इंग्रजीतलं सगळ्यात वाईट वाक्य म्हणजे, "बॉक्स देऊ का?" "म्हणजे बघ," काका म्हणायचे, "तू जेवला नाहीस याचं त्याला काही नाही. डब्यात घाल आणि नीघ."

तर अडचण अशी होती, की ही परीक्षा काकांना स्वतःला घेता येत नव्हती. ताटात घास शिल्लक राहिला की त्यांचा हात आपोआप तिकडे जायचा. शिवाय शाकाहारी माणूस, टोफू आणि भात सोडला तर खाण्यासारखं काही नसायचं, मग टाकणार काय? पोहता न येणारे पोहण्याचे कोच असतात ना, तसे काका. म्हणून पाण्यात मी. त्यांना वाटलं, हा शिकलेला नाही, संस्कार बेताचे, हा सहज टाकेल. संस्कारांबद्दल त्यांचा अंदाज बरोबर होता, भुकेबद्दल चुकला. पहिल्याच शनिवारी एका थाय हॉटेलात मला बजावलं होतं, निम्म्यावर थांबायचं. निम्मं झाल्यावर काकांनी टेबलाखालून पाय मारला. मला वाटलं, आटप म्हणतायत. मी आटपलं. वाटी पुसूनसुद्धा खाल्ली. बाहेर आल्यावर काका म्हणाले, "नापास झालास." मी म्हटलं, "सवय आहे काका."

पुढे पुढे त्यांनी मला निघायच्या आधी घरीच जेवायला घालायला सुरुवात केली. काकू पिठलं-भाकरी करायच्या, मी पोटभर जेवायचो, आणि मग आम्ही हॉटेलात न जेवायला निघायचो. तरी मी तिथे गेल्यावर सगळं संपवायचो. काकू म्हणायच्या, "अहो, हा पोरगा टाकणाऱ्यातला नाही, दुसरा बघा." काका म्हणायचे, "दुसरे सगळे नोकरीवर आहेत."

एकदाच एक हॉटेल पास झालं, आणि त्यात माझं कर्तृत्व म्हणाल तर किडलेली दाढ. लाँड्रीला लागून असलेलं एक व्हिएतनामी दुकान होतं. नूडल्सचं सूप आलं, मी पहिला घास घेतला आणि दाढेतून जी कळ आली, ती थेट टाचेपर्यंत. वाडगा तसाच राहिला. आतून मालकीणबाई आल्या. वाडग्यात बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता बोटानं माझा गाल दाबला. मी ओरडलो. त्या आत गेल्या आणि तांदळाची मऊ पेज घेऊन आल्या, वर आलं किसलेलं. मी पेज ओरपत होतो आणि समोर काका चष्मा पुसत होते. "पास," म्हणाले. मला वाटलं मला म्हणतायत, मी थँक्यू म्हटलं.

अशी आमची नोकरी छान चालली होती. मग काकांच्या मुलीला ओहायोत, डब्लिनला, बाळ झालं. काकू तीन महिन्यांसाठी म्हणून गेल्या आणि तिकडच्याच झाल्या. मुलगी म्हणायला लागली, बाबा, तुम्हीपण या, खाली बेडरूम रिकामी आहे. काकांना जावयाच्या घरात राहायचं नव्हतं, पण तसं तोंडावर सांगणार कसं? म्हणून त्यांनी जाहीर केलं, "डब्लिनला एक तरी खरं हॉटेल दाखवा, मी घर विकून येतो. नाही तर नाही." त्यांना खात्री होती, तिथं सापडणार नाही. मीही देवाकडे तेच मागत होतो. काका गेले असते, तर मी परत दुपारभर कपड्यांच्या घड्या घालत बसलो असतो, आणि मला त्याही नीट येत नाहीत.

त्याच आठवड्यात काकूंचा मला फोन आला. "त्यांना घेऊन ये इकडे. परीक्षा घेऊ देत एकदाची." म्हटलं, "काकू, आणि नापास झालं तर?" त्या म्हणाल्या, "तू फक्त घेऊन ये, बाळा."

काकांना विमान चालत नव्हतं. "वरून हॉटेलं दिसत नाहीत." त्यामुळे त्यांची जुनी गाडी आणि जावयानं ईमेलनं पाठवलेल्या नकाशांचे प्रिंट घेऊन आम्ही दोन दिवस रस्त्यावर. डब्लिनला पोचल्यावर काका, काकू आणि मी अशी वरात निघाली. पहिल्या हॉटेलात दारातच तिघं जण हसले. दुसऱ्या ठिकाणी मी नेटानं निम्मं टाकलं, तर तो मुलगा म्हणाला, "बॉक्स?" काकांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. तिसरं बंदच होतं, ते काकांनी बंद असल्याबद्दल नापास केलं. काका गाडीत शीळ घालायला लागले. मलाही आतून गुदगुल्या होत होत्या. मागे काकू खिडकीतून पाट्या वाचत होत्या. मग म्हणाल्या, "त्या पुढच्या सिग्नलजवळ एक कोरियन आहे म्हणतात. मी काही कधी गेले नाही."

आम्ही आत गेलो. मालकीण काउंटरवर होती, साधारण काकूंच्याच वयाची. तिनं काकूंकडे बघून वाकून नमस्कार केला. काकू छताकडे बघायला लागल्या. आम्ही बसतो न बसतो तोच तिनं काकूंसमोर चहा ठेवला. फक्त काकूंसमोर. मग सूप आलं, काळ्या दगडी वाडग्यात रटरटणारं. माझ्यात मांस होतं, काकांच्यात नुसता टोफू. काका शाकाहारी आहेत हे आमच्यापैकी कुणीच सांगितलं नव्हतं. काकांनी वाडग्यात बघितलं, काकूंकडे बघितलं. काकू मेन्यू वाचत होत्या, उलटा.

काकांनी चमचा उचलला, फुंकर मारली, आणि अजून तोंडात घालायचे होते, तेवढ्यात मालकीण कमरेवर हात ठेवून टेबलाशी हजर. "तुम्ही खात का नाही?" पाठ केलेल्या इंग्रजीत ती कडाडली. "आवडलं नाही का? मी सकाळपासून उभं राहून केलंय." काका चमचा धरून तसेच बसले. काकूंनी बारीक आवाजात खाकरलं. बाईंना वाटलं, ओरडणं कमी पडलं. ती माझ्याकडे वळली. "आणि तू? तू का टाकलंस?" काकांची फुंकर होईपर्यंत माझं संपलंही होतं; मी माझा वाडगा पुढे केला. चाटूनपुसून लख्ख, त्यात तिचा चेहरा दिसला असता. ती गोंधळली आणि पुढचं वाक्य विचारावं तशी काकूंकडे बघायला लागली. काकूंनी डोळ्यांनी खूण केली, हा नाही, तो.

मी आयुष्यात पुष्कळ कॉप्या केल्या आहेत, पण इतकी उघड कॉपी मीसुद्धा कधी केली नव्हती. मला वाटलं, आता काका उठणार, आणि आम्ही संध्याकाळपर्यंत केंटकी ओलांडणार. काका उठले नाहीत. खाली मान घालून त्यांनी सूप संपवलं, भात संपवला, बाजूच्या बारक्या वाट्यांमधला मुळा आणि कोबी संपवला. चमचा ठेवला आणि म्हणाले, "पास."

बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, "पर्स राहिली वाटतं," आणि परत आत गेल्या. पर्स त्यांच्या खांद्यालाच होती. काचेतून आम्हाला दोघी दिसत होत्या. एकमेकींचे हात धरून पोट दुखेस्तोवर हसत होत्या.

"मॅच फिक्स होती रे," काका म्हणाले.

"कळलं काका. मग पास का केलंत?"

काका काचेतून बघत म्हणाले, "लग्न झाल्यापासून हिनं मला 'या' किंवा 'राहा' असं कधी म्हटलेलं नाही. मी जाईन तिथं आली. आता बघ, एका परक्या बाईला माझ्यावर ओरडायला शिकवलंन. तेही इंग्रजीत. हिचं स्वतःचं इंग्रजी तुला माहितेय."

"सरळ तुम्हालाच सांगायचं ना, या म्हणून."

"सरळ सांगितलं असतं तर मी वाद घातला असता." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू गाडी घेऊन जा. घराचं मागनं बघू."

जाताना दोन दिवस आम्ही बोलत गेलो होतो, येताना मी एकटा. एकट्यानं विनोद करून बघितला, कुणी हसलं नाही. तसं काकाही हसायचे नाहीत, पण "पुरे" तरी म्हणायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी आर्कान्सात गॅस भरायला थांबलो. दोन्ही बाजूंना भाताची सपाट शेतं, समोर एक टायरचं दुकान, बाकी माणूस नाही. तिथं काकांचा फोन आला.

"कुठवर आलास?"

"आर्कान्सा."

"जेवलास का?"

इतक्या वर्षांत हे त्यांनी मला पहिल्यांदाच विचारलं. विचारायची वेळच आली नव्हती, मी कायम खातच असायचो. पोटात सकाळपासून चिप्सचा एक पुडा होता. म्हटलं, "हो, जेवलो की."

"कुठे?"

आता आली का पंचाईत. मी टायरच्या दुकानाकडे बघितलं. "एक हॉटेल सापडलं काका. टायरच्या दुकानाला लागून. लाओसची माणसं आहेत."

"दारात हसली?"

"छे. टीव्ही बघत होती."

"बरं. मग? टाकून बघितलंस?"

"टाकलं."

"तू?"

"मी."

"मग? आलं का कुणी?"

आलं म्हटलं असतं तर पास, विषय संपला. नाही म्हटलं असतं तर नापास, तरी विषय संपला. म्हटलं, "एक म्हातारी आतून बघत होती. पण तिला वाईट वाटलं की नाही, ते मला नक्की कळलं नाही. माझी अक्कल तुम्हाला माहिती आहे. हे तुम्हालाच येऊन बघावं लागेल."

मागे बाळ रडत होतं, आणि काकूंचा आवाज आला, "कोण आहे? जेवला का तो?"

"एक्झिटचा नंबर बघून ठेव," काका हळूच म्हणाले.

मी मान वर करून हायवेची पाटी वाचली आणि नंबर सांगितला. तेवढा मात्र खरा सांगितला.