डाव्या सीटवरचं वजन

माझ्या साळ्याएवढा सांभाळून गाडी चालवणारा माणूस अमरावतीपासून अकोल्यापर्यंत सापडायचा नाही, आणि त्याच्याएवढा जीवाला घोर लावणाराही नाही. उभी नोकरी एसटीची ड्रायव्हरकी केली. परतवाड्याहून मेळघाटात चढणारा रस्ता हाताखालून गेला, पण बसला कधी ओरखडा नाही. रिटायर झाल्यावर लोक देवाला लागतात. यानं दोन दारांची पिवळी स्पोर्ट्स कार आणली, कोणाची तरी वापरलेली. इतकी बुटकी की आत बसणं म्हणजे विहिरीत उतरणं, आणि निघताना वरून कोणीतरी हात द्यायचा. काहून आणली म्हटलं, तर म्हणे, "भाऊजी, जिंदगीभर रस्ता उंचावरून पाह्यला. आता जवळून पाहू द्या."

सवयी मात्र बसच्याच. फाट्यावर कोणी हात दाखवला की हा थांबणारच. नांदगाव खंडेश्वरच्या फाट्यावर एकदा एक म्हातारी घेतली. ती मागच्या फटीत कशीबशी दुमडली आणि तिची कोंबडी बडनेऱ्यापर्यंत माझ्या मांडीवर. आणि डबल बेल झाल्याशिवाय गाडी हलत नाही. शेजारच्यानं काचेवर दोनदा टकटक करायचं, तेव्हा गिअर पडतो. माझी बायको, म्हणजे याची मोठी बहीण, बांगडी वाजवायची. तिला जाऊन आठ महिने झाले. आता मी बोटाच्या हाडानं वाजवतो. जायच्या आधी तिनं माझ्याजवळ एकच मागितलं, "माह्या भावाकडे ध्यान ठेवजा. तो त्या गाडीत जीव देईन." मी हो म्हणून बसलो. तेव्हापासून ती गाडी गेटातून निघाली की परत येईपर्यंत मी गेटातच उभा राहायचो.

त्यात ती गेल्यावर यानं मोठी चाकं बसवली. चकचकीत अलॉयच्या रिम, परातीएवढ्या. दुकानातच चारी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. टायरवाल्यानं चांगलं समजावलं होतं, की रिम मोठी घेतली तर रबर पातळ घ्यायचं, म्हणजे चाकाची उंची तेवढीच राहते आणि कुठं घासत नाही. हा ऐकेना. शोभा नको, उंची पाह्यजे, म्हणे. रिमही मोठी, रबरही जाड. एकटा बसून चक्कर मारून आला, सगळं ठीक. मग मला बसवलं. डावी बाजू दबली आणि वळणावर टायर आतून मडगार्डला असं खरवडलं की माझे दात शिरशिरले. टायरवाला म्हणाला, काका, वजन बसलं आणि वेगात दणका बसला तर हे टायर एक दिवस फाटणार. साळ्यानं शांतपणे सांगितलं, "गाडीत खोट नाही. भाऊजीत वजन जास्त आहे."

आता सांगा, माणसानं काय करावं. एकटा असला की हा सुसाट जातो, कारण घासत नाही. मी बसलो की आवाजाच्या धाकानं बैलगाडीसारखा चालवतो. हे ध्यानात आल्यापासून मी प्रत्येक वेळी जाऊन बसतो. गुडघे ओरडतात, पण बसतो.

"तुमी घरी राहा ना, भाऊजी. तुमी बसले का घासते."

"म्हणूनच बसतो."

मागच्या महिन्यात अकोल्याला निघालो. सारा रस्ता माझा कान टायरकडे आणि हात दाराच्या दांडीवर. मूर्तिजापूर सोडल्यावर एका गावाजवळ मोठा ब्रेकर आहे, म्हशीच्या पाठीएवढा. तिथं यानं गाडी अगदी रांगवत चढवली, रांगवत उतरवली आणि बाजूला घेऊन बंदच केली. मला वाटलं, फाटलं टायर.

"टेकली नाही," तो म्हणाला.

"काय?"

"गाडी. खाली टेकली नाही." समोर पाहतच बोलत होता. "ताईले दवाखान्यात नेलं तवा याच ब्रेकरवर टेकली होती. खालून जोरात लागलं. ताई कण्हली, भाऊजी. मंग म्हणे, काही नाही रे, चाल तू."

त्या दिवशी मी मागून बसनं आलो होतो. ती आडवी झाल्यावर गाडीत तिसऱ्याला जागाच उरली नव्हती. हे मला तिनंही सांगितलं नाही आणि यानंही नाही. मी ज्या सीटवर बसून याला शिव्या देत होतो, तीच सीट मागे पाडून ती अकोल्यापर्यंत गेली होती.

आता ती नाही, मग उंची कोणासाठी, असं ओठावर आलं होतं. गिळलं. म्हटलं, "पातळ रबर टाकून घे. टेकू दे खाली. मी काही कण्हत नाही."

मी काचेवर दोनदा वाजवलं. गाडी हलली नाही. जरा थांबून पुन्हा दोनदा वाजवलं, तेव्हा त्यानं गिअर टाकला.

रबर बदललं त्यानं. आता वळणावर घासत नाही, म्हणजे मी सोबत बसायचं कारणही उरलं नाही. तरी तो निघण्याआधी दार उघडून उभा राहतो आणि मी विहिरीत उतरतो. त्या ब्रेकरवर गाडी कितीही हळू घेतली तरी खाली टेकतेच. तेवढा वेळ आम्ही दोघं समोर पाहतो.