पन्नासची लेन्स, अकरा पावलं

आखाडा बाळापूरच्या बसस्टँडसमोर रत्नपालचं फोटोचं दुकान आहे. अठराव्या वर्षी तो हिंगोलीच्या एका स्टुडिओत झाडलोट करायला लागला आणि सहा वर्षांनी गळ्यात कॅमेरा घालून बाहेर पडला. आता तो अठ्ठेचाळीसचा आहे. कमी बोलतो. माणसांकडे मात्र फार वेळ बघतो.

त्याची काम करण्याची एक रीत आहे. फोटोवाला डोळ्याला कॅमेरा लावतो तेव्हा समोरची माणसं आतून दार लावून घेतात, हे त्याला फार लवकर कळलं. म्हणून घरच्या माणसांचा एकत्र फोटो असला की तो पन्नासची, म्हणजे पन्नास मिलिमीटरची, लेन्स लावतो, ओळीपासून मोजून अकरा पावलं मागे जातो, तिथे स्टँडवर कॅमेरा ठेवतो आणि स्वतः बाजूला उभा राहून गप्पा मारतो. लांब वायरचं बटण हातात. कोणी हसलं की दाबायचं. अकरा पावलांवरून अंगणभर माणसं चौकटीत बसतात, दोन्ही टोकांना हातभर जागा उरते. वीस वर्षांत चौकट चुकली नव्हती.

दिवाळीनंतर त्याचा कॅमेरा बिघडून नांदेडला गेला. तेवढ्यापुरता त्याने एक जुना, लहान कॅमेरा घेतला. लेन्स त्यालाही बसत होती. मुलगी आकांक्षा हिंगोलीच्या कॉलेजात शिकते, सुटीला घरी होती. ती म्हणाली, "पप्पा, याच्यात फ्रेम लहान येईल."

"लेन्स तीच हाय ना? पन्नास म्हंजी पन्नास," रत्नपाल म्हणाला आणि मोटारसायकलला किक मारली.

त्याला सहा किलोमीटरवरच्या तांड्यावर जायचं होतं. उत्तमसिंगचं घर त्या दिवशी तीन वाजता ऊसतोडीला निघणार होतं. दोन भाऊ, बायका, लेकरं. मागे राहणार होती ती फक्त त्यांची आई, ऐंशीच्या पुढची नानीबाई. गेल्या हंगामात सगळे कारखान्यावर असताना तिचा नवरा, म्हातारा भीमसिंग वारला. त्याचा कुणाबरोबर काढलेला एकही फोटो घरात नाही. नानीबाईचाही नव्हता. म्हणून या वेळी निघण्याआधी फोटो.

सकाळी नऊला फोटो निघाला. नानीबाई खुर्चीवर बसेना. काठी टेकून ओळीच्या टोकाला, जरा सुटी उभी राहिली. रत्नपालने पावलं मोजली, कॅमेरा ठेवला, धाकट्या भावाच्या, ओमप्रकाशच्या, नव्याने ठेवलेल्या मिशीवर काहीतरी बोलला. सगळे हसले. बटण दाबलं. उन्हात कॅमेऱ्याच्या मागचा स्क्रीन काळाच दिसत होता, फोटो कसा आला ते तिथे कळलं नाही.

दुकानात कॉम्प्युटरवर फोटो उघडला, तर डाव्या कडेला एक काठी होती. काठीवर चार बोटं. बाकी नानीबाई नव्हती.

रत्नपाल बराच वेळ त्या बोटांकडे बघत राहिला. एवढा हसरा फोटो त्याने वर्षभरात काढला नव्हता. आकांक्षा मागे येऊन उभी राहिली. हे कसं झालं, ते त्याने तिला विचारलं.

"लेन्सनं आत उजेडाचा गोल पडतो पप्पा. पन्नासचा गोल कुठंही तसाच पडणार. पण उजेड धरणारी पट्टी, सेन्सर, तो तुमच्या कॅमेऱ्यात मोठा हाय, याच्यातला लहान. लहानात मधलंच तेवढं येतं."

बारा वाजून गेले होते.

तो तांड्यावर पोचला तेव्हा ट्रकमध्ये गाठोडी चढत होती. फोटोत नानीबाई आली नाही, हे त्याने सरळ सांगून टाकलं. उत्तमसिंगच्या हातातली बादली हातातच राहिली.

"याडीला कापलं? बाकी समदे आले अन् माय भायेर? काहून हो फोटोवाले, आमी हिच्यासाठीच बोलावलं व्हतं ना तुमाला?"

"व्हय. माझी चूक हाय."

"अकरा पावलं मोजून राहिले व्हते मोठे! कंत्राटदारावानी!"

नानीबाई दारात बसली होती. "वरडू नको रे," ती म्हणाली आणि रत्नपालला आत बोलावलं. "कसं झालं ते सांग मला."

वर पत्र्याला मोठं भोक होतं. त्यातून जमिनीवर उन्हाचा वाटोळा तुकडा पडला होता. रत्नपालने चुलीजवळची परात उचलून त्या उन्हात ठेवली. सगळा गोल परातीत आला. मग परात काढून तिथेच एक वाटी ठेवली. गोलाचा मधला भाग वाटीत, उरलेला आजूबाजूच्या मातीवर.

"भोक तेच हाय, माय. ऊनबी तेवढंच. माझ्या नेहमीच्या कॅमेऱ्यात परात हाय. याच्यात वाटी निघाली."

नानीबाईने वाटीबाहेरच्या उन्हात बोट ठेवलं. "म्हंजी मी हितं व्हते."

"व्हय."

"ऊन तर पडलं व्हतं माझ्यावर."

ऊन पडलं होतं हे खरंच होतं. लेन्सने तिला आत घेतलं होतं. ठेवून घ्यायला जागा नव्हती.

"अन् तू?" ती म्हणाली. "तू कुठं पाहत व्हतास? मिशीकडं?"

बाहेर पुन्हा ओळ लागली. या वेळी रत्नपालने कॅमेरा डोळ्याला लावला आणि मागे मागे सरकत गेला. काट्याचं कुंपण लागलं, तेव्हा वळसा घालून पलीकडच्या तुरीत उभा राहिला. तिथून नानीबाई काठीसकट चौकटीत आली. पण माणसांनी दारं लावून घेतली होती. सगळे आधारकार्डावरच्या फोटोसारखे बघत होते. त्याने बटण दाबलं.

ट्रकच्या सावलीत बसून नानीबाईने कॅमेऱ्यावरच तो फोटो पाहिला. बोटाने एकेकाला ओळखत गेली. टोकाला येऊन थांबली.

"ही म्हातारी कोण रे? एवढी लांब काहून उभी हाय? कुणी हाकलली का हिला?"

"याडी, तूच हाय ती," ओमप्रकाश ओळीतून म्हणाला. "तुलाच तिकडं उभं राहायचं व्हतं."

नानीबाई उठली, काठी सुनेकडे दिली आणि चालत जाऊन दोन लेकांच्या मधे शिरली. दोघांना जरा सरकावं लागलं. "आता काढ," ती म्हणाली.

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मग पुन्हा, लांबलचक. रत्नपालने डोळ्याला कॅमेरा लावला होता, तरी कुणाचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. सगळे उत्तमसिंगकडे बघत होते. रत्नपालने बटण दाबलं.

"वाजव रे वाजव!" उत्तमसिंग ट्रककडे वळून ओरडत होता. "किती वाजवायचा तेवढा वाजव! माय उभी हाय हितं!"