एका चौकोनातल्या दीर्घिका

लवळ्याच्या टेकडीवरच्या विद्यापीठात आम्हा विज्ञान शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. दुपारी प्रत्येकाला मोठ्या दुर्बिणीनं टिपलेलं आकाशाच्या एका तुकड्याचं छायाचित्र मिळालं. हात लांब करून वाळूचा कण धरला तर त्यामागे झाकला जाईल, एवढाच तो तुकडा. त्यावर चौकोन आखायचे, एका चौकोनातले ठिपके मोजायचे आणि सगळ्या आकाशात असे जितके चौकोन मावतील तितक्यांनी गुणायचे. एकेक ठिपका म्हणजे एकेक दीर्घिका, अब्जावधी ताऱ्यांची.

मी सत्तेचाळीसपर्यंत पोचले. मग काळ्या जागेत आणखी एक फिकट ठिपका दिसला. त्याच्याशेजारी आणखी एक. शेजारच्या सरांनी त्याच चौकोनात साठ मोजले होते.

“बरोबर कुणाचं?” मी विचारलं.

“दोघांचंही कमीच,” शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. “एकूण वीस हजार कोटी असतील असं कुणी म्हणतं, कुणी दोन लाख कोटी. ज्या दिसतच नाहीत, त्यांचा नुसता अंदाज.”

पायाखालची फरशी कलल्यासारखी वाटली. पाणी पिण्याच्या निमित्तानं बाहेर येऊन मी कठडा घट्ट धरला. खाली कँटीनपाशी मुलं हसत होती, रिक्षा उभ्या होत्या. ते सगळं कशालाच बांधलेलं नाही असं वाटलं.

पौडला घरी आले तेव्हा सासूबाई वाल सोलत होत्या. त्या साप काठीनं उचलून टाकणाऱ्या. हसतील म्हणून मी भीत भीतच सांगितलं.

“त्या ठिपक्यांच्या पल्याड काय हाय?” त्यांनी विचारलं.

“कुणालाच माहीत नाही, आत्या.”

त्यांचे हात थांबले. “लग्नाआधी आमी होडीतनं धरण वलांडत हुतो. मधीच धुकं आलं. काठ कुटं, काय बी दिसंना. तवा मला असंच झालं हुतं.”

“मग?”

“बा वल्हवीत ऱ्हायला. लागला काठ. पर भ्या गेलं न्हाई, अजून हाय.”

त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. उरलेले वाल आम्ही सोबतच सोलले.

पुढच्या आठवड्यात नववीच्या वर्गात तीच छायाचित्रं वाटली. एक मुलगी मोजता मोजता थांबली.

“बाई, मला न्हाई मोजवत. भ्या वाटतंय.”

“मलाही वाटतं,” मी म्हणाले आणि तिच्या बाकावर बसले. तास संपेपर्यंत आम्ही दोघींनी मिळून मोजलं. तिचा हात गार पडला होता. माझाही.