पेनिसिलीनसाठी मेंढरं बसवली

“आवं डाक्टर, सुई टोचा न् सोडा. सांजच्याला मेंढरं नदीपल्याडच्या रानात न्यायची हायती.”

औंधच्या पलीकडून आलेला बिरू धनगर दवाखान्याच्या पायरीवर उभा होता. टेबलावर त्याची लहानगी तापानं फणफणत होती.

तिच्या मांडीला गोचीड चावली होती. मेंढरांमागं फिरणाऱ्या पोरांना हे नेहमीचंच. गोचीड ओढून काढली, की कधी तिचं तोंड कातडीत मोडून राहतं. मग खाज, मग नखं, मग पू. त्यात यांनी वर बिब्बा लावलेला. बिब्ब्यानं कोवळी कातडी जळते. मांडी टरटरून सुजली होती, जांघेत गाठ होती. मी चिमट्यानं तुकडा काढला, जखम धुतली, पेनिसिलीन दिलं. पण ते रोज द्यावं लागतं. एका सुईवर सोडली असती तर पोर हातची गेली असती.

“पोरीला न् तिच्या आईला इथं ठेव.”

“मग कोकरं कोन बघनार? भाकरी कोन थापनार?”

शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात. पलीकडचं रान गावचे मोठे बागायतदार आबासाहेब यांचं, आणि दवाखान्यामागचंही त्यांचंच. मेंढरं मागं बसली, तर आईला कोकरं, भाकरी आणि पोरगी सगळंच बघता आलं असतं. मी सायकलवरून थेट त्यांच्या गुऱ्हाळावर गेलो.

“पोरगी बरी होईपर्यंत मेंढरं माझ्या दवाखान्यामागच्या रानात बसवा.”

“तिथं हरभरा पेरायचाय. तुम्ही औषधाचं बघा, रानाचं मी बघतो.”

मार्केट यार्डात हमाली करून मी शिकलो. असलं बोलणं मला सोसत नाही.

“पोर गेली तर गावभर सांगीन, आबासाहेबांच्या हरभऱ्यापायी गेली.”

काहिलीत उकळता रस ढवळणारे हात थांबले. आबासाहेब लालबुंद झाले. मग मी सूर उतरवला. “तुमच्या आईंचा गुडघा घरी येऊन बघत जाईन.”

“दमा आहे तिला.”

“मग दमा बघीन.”

मेंढरं बसली. ताप उतरला, जखम सुकली. पोरगी आपल्या पायांनी चालत गेली.

पुढच्या वर्षी नदीपल्याडच्या रानात दुसऱ्याचीच मेंढरं दिसली. बिरू मला बाजारात भेटला. बायकोच्या कडेवर नवं मूल, पाय खाजवून रक्ताळलेले.

“आण इकडं, बघू.”

“नगं,” बायकोनं मुलाचे पाय पदराखाली घेतले.

बिरू म्हणाला, “तुमी भांडला, रान आमचं गेलं. बापाच्या वक्तापासनं बसत हुतो तितं.”

“अरे, तुझी पोरगी वाचली!”

“व्हय. पर मेंढरं कुटं बसवू?”

आबासाहेबांच्या आईचा दमा मी त्यांच्या शेवटपर्यंत बघितला. धनगराच्या पोरावर औषध करायचं, तर आधी रानमालकाची मर्जी सांभाळावी लागते. हे मेडिकल कॉलेजात कुणी शिकवत नाही.