भेंडीचं पाणी

कुसगावच्या दत्तोबाला एकच खोड होती. उकळी दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. वीस वर्षं तो गुऱ्हाळावर गुळव्या होता. काईलीत रस उकळू लागला की ठेचलेल्या भेंडीच्या खोडांचं चिकट पाणी ओतायचं आणि वर येणारी मळी काढायची, यात त्याचा हात धरणारा अख्ख्या मावळात कुणी नव्हता. निदान त्याचं तरी तसं म्हणणं होतं.

एकोणसत्तर साली तो वलवणच्या एका प्रयोगाच्या शेडमध्ये पंप चालवायला तात्पुरता लागला. तिथले संशोधक मराठेसाहेब काचेच्या अरुंद नळीतून जोरात पाणी सोडत. पाणी थंडगार, तरी नळीच्या गळ्याशी बुडबुडे उठत, फुटत आणि खडे घोळवल्यासारखा आवाज होई. हे बुडबुडे यंत्राचं पोलादसुद्धा कुरतडतात, असं साहेब सांगत. ते किती वेगाला सुरू होतात, तेच ते महिनाभर टिपत होते.

दत्तोबाला ती थंड पाण्याची उकळी काही नुसती बघवेना. एका सोमवारी त्यानं घरून भेंडीचं पाणी आणलं आणि गुपचूप टाकीत ओतलं. नळी गप्प! रोजच्या वेगाला एक बुडबुडा उठेना.

दत्तोबा खूश, साहेब हवालदिल. त्यांनी गेज तपासले, पंप खोलला, शेवटी टाकीत हात घातला. पाणी बुळबुळीत लागलं.

"साबण! बजरंग टाकीत आंघोळ करतो!" साहेब ओरडले.

पहारेकरी बजरंग शपथा घेत राहिला आणि साहेब त्याला काढून टाकायचं पत्र लिहायला बसले. दत्तोबा टेबलापाशी गेला. बोलावं तर आपली नोकरी जाणार, गप्प बसावं तर या गरिबाची.

"साहेब, साबन न्हाई त्यो. भेंडी हाय, गुळात घालत्यात ती. म्या वतली. काढायचं तर मला काढा."

साहेबांचा पेन थांबला. "अहो, हे बुडबुडे थोपवायला असलीच चिकट पूड परदेशातून मागवून सहा महिने झाले, अजून आली नाही!" त्यांनी पत्र फाडलं. "किती ओतलंत?"

"हाताच्या अंदाजानं."

"अंदाज चालायचा नाही. उद्या मोजून ओता."

दत्तोबाचा चेहरा पडला. नोकरी वाचली, पण वीस वर्षांत कुणी त्याला मोजायला सांगितलं नव्हतं. त्याचं सगळं नाव त्या अंदाजावर होतं. तेवढ्यात बजरंग चहाचा कप विसळून धावत आला.

"आबा, मापाला हा चालंल का?"

दत्तोबानं त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि कप घेतला.