हिरव्याचं पिवळं

दत्ताअण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी चपला काढत आणि मग खिशातून नकाशा. बंगळूरभोवतीच्या जमिनींचा तो नकाशा घड्यांवर फाटलेला होता. त्यात पिवळा रंग घरांचा, हिरवा शेतीचा. हिरव्यावर बोट ठेवून ते म्हणत, "हिरव्याचं पिवळं होतंयच बघा. पान पिकायचं राहतंय काय? स्वल्प थांबायचं, एवढंच." गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलोत बापडे. मला जमायचं नाही.

बंगळूरच्या बनशंकरीत ते आमच्या खालच्या मजल्यावर राहत. मूळचे निपाणीचे, धंदा जमिनीच्या दलालीचा. आम्ही पुण्याहून नवे आलेलो, कन्नडचं अक्षर कळत नव्हतं. त्यात जिन्यात कुणीतरी "काय ताई, जेवण झालं?" म्हणालं आणि आम्ही विरघळलो. विजेचं बिल असो की सोसायटीची नोटीस, वाचून घ्यायची अण्णांकडून. मराठी बोलतो म्हणजे आपला माणूस, एवढीच आमची अक्कल.

आमच्याकडे राहायला आलेल्या माझ्या बाबांनी साताऱ्याचं घर विकून अण्णांकडून शहराबाहेर मोकळा प्लॉट घेतला. जमीन पिवळी झाली की आमच्याजवळ दोन खोल्या बांधायच्या, दारात चाफा लावायचा. खरेदीचा कागद कन्नडमध्ये होता. अण्णांनी तो आमच्या जेवणाच्या टेबलावर मराठीत वाचून दाखवला, पोथी वाचावी तसा. बाबांनी सही केली.

पुढं सहा वर्षं बाबा दर रविवारी जिना उतरून विचारत, "झालं का पिवळं?" अण्णा काफी पाजून त्यांना वर पाठवत. शेवटच्या आजारातही बाबांनी मला तेच विचारलं. माझ्या भाड्याच्या घरात गेले ते.

मग मी हट्टानं कन्नड शिकले आणि पहिल्यांदा तो कागद वाचला. शेवटून तिसरी ओळ अशी होती: ही जमीन हरित पट्ट्यात असून इथे घर बांधता येणार नाही, हे घेणाऱ्याला मान्य आहे. अण्णांनी ती वाचलीच नव्हती.

मी कागद घेऊन खाली गेले. "अण्णा, ही ओळ तुम्ही गाळलीत."

"वाचली असती तर तुमच्या वडिलांनी सही केली असती काय?" ते शांतपणे म्हणाले. "पिवळं झाल्यावर त्या ओळीला कोण विचारतंय? मी पण माझं सगळं तिथंच घातलंय की हो. सरी, असू दे. काफी घेणार?"

इतका निर्ढावलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गेल्या वर्षी मधुमेहानं त्यांची नजर गेली. शहराचा नवा विकास आराखडा पेपरात आला त्या सकाळी त्यांच्या बायकोनं, अक्कांनी, मला खाली बोलावलं. त्या मराठी शाळेत शिकलेल्या, आणि कन्नड वाचणारं जवळ मीच. अण्णा खाटेवर बसले होते, नकाशा मांडीवर. "वाचा ताई. आपल्या प्लॉटचं गाव पिवळं झालं न्हवं?"

अक्कांनी पेपर आधीच कुणाकडून तरी ऐकला असावा. दारातून त्या मानेनं मला नको नको म्हणत होत्या. एक ओळ गाळली की काम भागत होतं. मी गावाचं नाव वाचलं, सर्व्हे नंबर वाचले आणि पुढचंही वाचलं: शेती विभाग, कायम.

अण्णा बराच वेळ नकाशावरून बोटं फिरवत राहिले. मग म्हणाले, "परत वाचा."

मी परत वाचलं. पहिल्या ओळीपासून, सावकाश, एकही ओळ न गाळता.